चेनसेट नवा, लॉक उलटं: कराडच्या एका गॅरेजबद्दल

आधी निकाल, मग कहाणी. गाडी धुवायची असेल, ऑइल बदलायचं असेल तर हे गॅरेज चांगलं आहे. चेनसेट (चेन आणि तिच्या दोन दातेरी चक्र्या), बेअरिंग, क्लचप्लेट असलं काम असेल तर तिकडे फिरकू नका. पाचपैकी दोन तारे देतोय, त्यातला एक पाणी मारणाऱ्या पोराचा.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. मी पतसंस्थेचा पिग्मी एजंट आणि मालक माझा खातेदार. दुपारी त्याच्या काउंटरवर मशीनमधून पावती काढून द्यायची आणि रात्री त्याच्याच नावाने शंख करायचा, हे मला जमायचं नाही. तरीही लिहितोय, कारण झालेला घोळ असा आहे की गाडी चालवणाऱ्याला तो बाहेरून दिसतच नाही.

माझी गाडी स्प्लेंडर. या गाडीची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते. धूळ, चिखल, उसाच्या ट्रॉलीमागचा पाचोळा यांपासून ती वाचते, हे खरं. पण मिस्त्रीने आत काय करून ठेवलंय ते कव्हर उतरवल्याशिवाय कळत नाही, हेही तितकंच खरं.

चेन संपली होती. मागच्या चक्रीचे दाते एका अंगाला झुकून टोकदार झाले होते. नुसती चेन बदलून चालणार नाही, पुढची चक्री, मागची चक्री आणि चेन तिन्ही एकदम टाका, असं मालकानेच सांगितलं आणि ते बरोबर होतं. झिजलेल्या चक्रीवर नवी चेन टाकली की तीही लवकर जाते. सामान त्याने माझ्यासमोर सीलबंद खोक्यातून काढलं. खोक्यावर ४२८ छापलं होतं. यातला पहिला आकडा इंचाच्या आठव्या भागात मोजायचा, म्हणजे चेनच्या दोन पिनांतलं अंतर चार अष्टमांश, अर्धा इंच. स्प्लेंडरला हीच लागते. बिल पक्कं, छापील, त्यावर सामान वेगळं, मजुरी तीनशे वेगळी. इथपर्यंत नाव ठेवायला जागा नाही. बसायला खुर्ची, वर पंखा, चहासुद्धा आला. चहा संपायच्या आत गाडी तयार! तेव्हा बरं वाटलं होतं.

गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच चौकात मागचा ब्रेक पार खाली गेला. नवी चेन जुनीपेक्षा आखूड असते, म्हणून चाक पुढे घ्यावं लागतं. चाक पुढे आलं की ब्रेकचा रॉड सैल पडतो आणि त्याचा नट आवळावा लागतो. चेन बसवणाऱ्याच्या हाताला हे आपोआप यायला पाहिजे. मी परत फिरलो, पोराने नट आवळून दिला, "राहिलंच काका" म्हणाला. राहतं, माणूस आहे.

त्यानंतर आवाज सुरू झाला. टिक... टिक... असा, पत्र्याला काहीतरी घासून गेल्यासारखा. हळू चालवलं की ऐकू यायचा, वेग घेतला की इंजिनात बुडून जायचा. आमचा धंदा दुकानागणिक थांबायचा, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ हळूच. पुन्हा गॅरेजला गेलो. कव्हर खोला म्हटलं, तर मालक म्हणाला, "नवी चेन आहे काका, बसायला वेळ लागतो." मी हटून बसलो तेव्हा पोराला हाक मारून त्याने चेन आणखी ताणून घेतली. कव्हर खोललं नाहीच. आता टिकटिक होतीच, वर गाडी जड चालायला लागली. क्लच दाबून उतारावर सोडली तरी आधीसारखी पळेना.

ऊसगाळपाचे दिवस. मसूर रस्त्यावर सह्याद्री कारखान्याच्या पुढे-मागे जोडट्रॉल्यांची रांग. त्यातून चाललो असताना आवाज एकदम वाढला, तसा मी यशवंतनगरात न थांबता तडक मसूर गाठलं. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत. पत्र्याचं शेड, बाहेर बोर्डसुद्धा नाही, शटरवर कोणीतरी खडूने "पंक्चर नाही" लिहिलेलं. माझे सासरे त्यांच्याकडेच गाडी टाकायचे.

मिस्त्रींनी आधी पाना उचललाच नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवत कान लावून बसले. मग मला म्हणाले, "टायरच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवा आणि सांगा, टिक किती फेऱ्यांनी येतंय." दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येत होतं. "चाकात काही असतं तर दर फेरीला वाजलं असतं. चेनीची एक फेरी व्हायला चाकाच्या दोन-अडीच लागतात. म्हंजे चेनीत कुठंतरी एकाच जागी आहे. लॉक बघू." आणि मग कव्हर उतरवलं.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चेन जिथे जोडतात त्याला लॉक म्हणतात. तिथे दोन पिना, वर एक सुटी पट्टी, आणि ती निघू नये म्हणून पिनांच्या खाचेत अडकवलेली एक चिमुकली स्टीलची क्लिप असते. क्लिपची एक बाजू बंद, दुसरी उघडी. बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे पाहिजे, म्हणजे वरच्या पदराला बघितलं तर पुढे, इंजिनाकडे. मिस्त्री म्हणाले, "मासा समजा. तोंड पुढं, शेपूट मागं." माझा मासा उलटा पोहत होता. उघडी शेपूट पुढे, आणि तिचा एक पाय खाचेतून सुटून बाहेर फाकलेला. हाच पाय चेनच्या दर फेरीला कव्हरच्या आतल्या पत्र्याला घासत होता. पत्र्यावर चकचकीत ओरखडा उठलेला, बोट लावलं तर कड लागायची. मी फोटो काढून ठेवले.

ती क्लिप उडाली असती तर मागोमाग पट्टी, मग चेन. उघड्या चेनची गाडी असेल तर चेन खाली रस्त्यावर पडण्याची निदान शक्यता तरी असते. कव्हरमध्ये ती गोळा होऊन पुढच्या चक्रीपाशी अडकू शकते, इंजिनाची केसिंग फोडू शकते, मागचं चाक जागेवर जाम करू शकते. आणि माझ्या मागे उसाने भरलेला ट्रॅक्टर.

एवढ्यावर भागलं नव्हतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ताणायच्या ज्या खुणा असतात, त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. डावीकडे एक घर जास्त. म्हणजे चाक तिरकं, आणि नव्या चक्रीच्या दात्यांची एक बाजू घासून चमकायला लागलेली. चेन इतकी ताठ की बोटाने जेमतेम हलत होती. ती खालच्या पदराला मधोमध साधारण दोन-तीन सेंटिमीटर वरखाली हलली पाहिजे. माणूस बसला, खड्डा आला की मागचं चाक धरणारा आर्म हलतो आणि चेन आणखी ओढली जाते. आधीच ताणलेली असेल तर तो सगळा भार गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर. आवाज घालवायला मालकाने केलेला इलाज हा असा.

मिस्त्रींनी चेनसेट तोच ठेवला, सामान चांगलं आहे म्हणाले. फक्त लॉक नवं टाकलं, चाक खुणेवर आणलं, चेन एका जागी न बघता चाक फिरवत सगळीकडे ताण बघितला आणि मगच मागचा नट आवळला. लॉकचे वीस रुपये, मजुरी ऐंशी.

आता दोन ताऱ्यांचं कारण. फोटो घेऊन कराडच्या मालकाकडे गेलो. भांडायला नाही, मजुरी परत मागायला. फोटो बघून तो म्हणाला, "तुम्ही दुसरीकडे खोललीत ना काका, मग आमची जबाबदारी संपली." मी म्हटलं, बाबा, तुला खोल म्हणत होतो तेव्हा तू खोललं नाहीस. त्यावर, "सगळे असंच बसवतात, काही होत नाही." शेवटी एक वॉशिंग फुकट देऊ केलं. पोराने गाडी धुतली मात्र झकास, रिमच्या आतल्या बाजूनेसुद्धा.

क्लिप उलटी बसणं हा गुन्हा नाही. घाईत पोराच्या हातून होतं. पण गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन दारात उभं असताना कव्हरचे चार बोल्ट न खोलणं याला मी माफी देत नाही. बिल पक्कं असल्यामुळे ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता आली असती. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष सेवा येते, आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा नाही. मी केली नाही. तीनशे रुपयांसाठी रोजचा खातेदार कोण तोडतो? तुमचा कोणी लागत नसेल तर तुम्ही जरूर करा.

मसूरच्या मिस्त्रींना पाच तारे, पण त्यांच्याकडे जाताना रोख घेऊन जा, स्कॅनर नाही. चहा मिळणार नाही, बसायला टायर आहे. आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, नंबर लागत नाही.