कडक जमिनीवर खेळणाऱ्या हौशी गोल्फपटूसाठी आयर्न : ब्लेड, मध्यम कॅव्हिटी बॅक की रुंद सोलचा संच?

काटोल, आर्वी किंवा वरुडसारख्या गावी राहायचे, जमेल त्या रविवारी गाडी काढून नागपूर-कामठीकडच्या मैदानावर खेळायचे आणि मधल्या दिवसांत पीक निघालेल्या वावरात सराव करायचा, असा ज्यांचा गोल्फ आहे त्यांच्या हाती पुष्कळदा आयर्नचा, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठ्यांचा, जुना ब्लेड संच असतो. तो एखाद्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून किंवा नातेवाइकाकडून आलेला असतो, दिसायला देखणा असतो आणि चेंडू पात्याच्या मध्यावर बसला नाही की फटका निम्म्यातच मरतो. अशा खेळाडूने चूक सांभाळून घेणारी आयर्न घ्यावीत का, आणि घ्यायची तर कोणती, हा येथे विचाराचा विषय आहे. माझे मत असे की बहुतेकांनी ब्लेड सोडावे. मात्र बाजारात सर्वांत ‘सोपा’ म्हणून दाखवला जाणारा, अतिशय रुंद सोलचा, म्हणजे पात्याच्या रुंद बुडाचा, संच आपल्याकडच्या जमिनीवर डोळे झाकून घेऊ नये.

ब्लेडमध्ये धातूचे वजन पात्याच्या मध्यामागे एकवटलेले असते. कॅव्हिटी बॅकमध्ये पाठीमागचा भाग कोरून तेच वजन कडांकडे, म्हणजे दांड्याजवळची टाच, पलीकडचे टोक आणि तळ यांच्याकडे नेलेले असते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ मध्ये हा विचार प्रथम पटरमध्ये, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलायच्या काठीत, उतरवला आणि पुढे आयर्नमध्ये आणला. त्यांच्या पिंग कंपनीचा १९८२ चा आय-२ संच तर जगभर खपला. वजन कडांना गेल्यामुळे चेंडू टोकाकडे किंवा टाचेकडे लागला तरी पाते हातात कमी फिरते, चेंडूचा वेग कमी घटतो आणि दिशाही फारशी बिघडत नाही. वजन खाली असल्याने चेंडू सहज वर उठतो. फायदा एवढाच आहे, आणि तो खरा आहे. परंतु स्विंगचा मार्गच बाहेरून आत येत असेल तर चेंडू उजवीकडे वळायचा तो वळतोच. बहुतेक सोप्या संचांत पाते दांड्यापेक्षा किंचित मागे बसवलेले असते, त्याने ही वळण्याची खोड थोडी कमी होते. ती जात नाही.

खरा प्रश्न जमिनीचा आहे, आणि परदेशी मैदाने नजरेसमोर ठेवून दिलेल्या सल्ल्यात तो येत नाही. तो सल्ला सांगतो की सोल जितका रुंद तितका चांगला, कारण चेंडूच्या मागे जमिनीत लागलेला फटकासुद्धा रुंद सोल रुतू देत नाही, तो गवतावरून घसरत पुढे जातो. मऊ, ओलसर हिरवळीवर हे शंभर टक्के खरे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात काळी माती चिकण झालेली असते तेव्हाही ते खरे ठरते. त्या दिवसांत ब्लेडची पातळ धार मातीत शिरते, ढेकूळ उपसते आणि चेंडू जागच्या जागी राहतो. पण पाऊस सरून दिवाळी झाली की तीच जमीन आवळू लागते, होळीनंतर तिला भेगा पडतात, आणि मुरमाड उतारावर तर वर्षाचे बहुतेक महिने पाय टेकला तरी खूण उमटत नाही. मैदानाच्या फेअरवेला, म्हणजे गवत कापून राखलेल्या मधल्या पट्ट्याला, पाणी मिळत असेल. फेअरवेबाहेरच्या रफला आणि आपल्या सरावाच्या वावराला ते मिळत नाही. अशा कडक जमिनीवर रुंद सोल चेंडूच्या मागे अर्धा इंच जरी टेकला तरी तो घसरण्याऐवजी उसळतो, पुढची धार वर उचलली जाते आणि चेंडूच्या मध्यावर आदळते. चेंडू मग जमिनीलगत सुसाट पळतो आणि ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, ओलांडून जातो. वखराची पास ओल असताना बरोबर धरते आणि कोरड्या पडलेल्या रानात वरच्या वर उड्या मारते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात काही नवल वाटणार नाही.

म्हणून सोलची रुंदी आणि बाऊन्स, म्हणजे सोलचा पोटाचा भाग पुढच्या धारेपेक्षा जितका खाली उतरतो तो कोन, या दोन गोष्टी इथल्या खेळाडूने सर्वांत आधी पाहाव्यात. ब्लेडचा सोल अरुंद आणि बाऊन्स कमी, त्यामुळे कडक जमिनीवर नेमका बसलेला फटका त्याच्याइतका स्वच्छ दुसऱ्या कशाने लागत नाही. पण तोच फटका थोडा मागे पडला तर मनगटाला आणि कोपराला जो झटका बसतो, तो पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूने वारंवार सोसू नये. मध्यम कॅव्हिटी बॅकचा सोल या दोहोंच्या मधला असतो. त्यातही ज्याची मागची कड घासून गोल केलेली आहे असा सोल मिळाला तर तो पावसाळ्यात पुरेसा सावरतो आणि उन्हाळ्यात फारसा उसळत नाही. माझा कौल याच संचाला आहे.

दुसरी तपासणी लॉफ्टची, म्हणजे पाते मागे किती कललेले आहे त्या कोनाची. लॉफ्ट आणि आयर्नचा नंबर जितका कमी तितका चेंडू लांब जातो. सोप्या संचांची सात नंबरची आयर्न दुकानात मारून पाहिली की ती जुन्या सातपेक्षा बरीच लांब जाते, आणि तेवढ्यावर संच घेतला जातो. त्या लांबीचा एक भाग पात्याच्या रचनेमुळे येतो, पण मोठा भाग लॉफ्ट कमी केल्यामुळे येतो. टायटलिस्ट कंपनीच्या २०२३ च्या संचांत टी-१०० या कसलेल्या खेळाडूंसाठीच्या सातचा लॉफ्ट ३४ अंश आहे आणि टी-३५० या सोप्या संचातल्या सातचा २९ अंश. म्हणजे पात्यावर आकडा सातचा असला तरी काम जवळजवळ सहाचे आहे. यात फसवणूक नाही, कारण वजन खाली असल्याने कमी लॉफ्टवरही चेंडू उंच उठतो. परंतु फिरकी कमी पडते. उन्हाळ्यात ग्रीन कडक झालेले असताना कमी फिरकीचा चेंडू टप्पा खाऊन मागच्या बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे एकूण अंतर पाहू नये. चेंडू हवेत किती जातो आणि किती उभा खाली उतरतो ते पाहावे.

लॉफ्ट कमी केल्याचा परिणाम खालच्या टोकालाही होतो. पिंगच्या जी-४३० संचात पिचिंग वेजचा लॉफ्ट ४१ अंश आहे. वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांची जास्त लॉफ्टची काठी. जुन्या पिशवीतला सँड वेज ५६ अंशांचा असेल तर मध्ये १५ अंशांची पोकळी राहते, आणि हौशी खेळाडूचे बरेच गुण ज्या ग्रीनजवळच्या टप्प्यात जातात, नेमका त्याच टप्प्यात हाताशी काठी नसते. ती पोकळी भरायला आणखी एक, कधी दोन वेज घ्याव्या लागतात. संचाची किंमत काढताना त्या धरूनच काढावी, आणि पिशवीत नियमाने चौदाच काठ्या राहू शकतात हेही लक्षात ठेवावे. तीन आणि चार नंबरच्या आयर्नच्या जागी एखादा हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि जाड डोक्याची वूड यांच्या मधली काठी, घेतला तर हिशेब जमतो. त्या दोन आयर्न हौशी खेळाडूला कोणत्याही संचात अवघडच जातात.

ब्लेडच्या बाजूने एक युक्तिवाद आदराने ऐकण्यासारखा आहे. ब्लेड चूक लगेच हाताला कळवते, म्हणून ते शिकवते, असे जुने खेळाडू सांगतात. जो रोज चेंडू मारतो आणि ज्याच्याजवळ चूक पाहून सांगणारा माणूस उभा असतो, त्याच्या बाबतीत हे पटते. मात्र आठवड्यातून एकदा, एकट्याने खेळणाऱ्याला हाताला बसलेला झटका एवढेच सांगतो की फटका चुकला. का चुकला ते तो सांगत नाही. शिवाय मध्यम कॅव्हिटी बॅकमध्येही मध्यावर बसलेला आणि न बसलेला फटका हाताला वेगळा कळतो. ही जाण अतिशय रुंद सोलच्या, जाड पात्याच्या संचात मात्र खरोखर बोथट होते.

धातूचा विचार थोडक्यात करता येतो. फोर्ज केलेले, म्हणजे ठोकून घडवलेले, मऊ कार्बन पोलाद हाताला गोड लागते, पण खडे असलेल्या जमिनीवर त्याला खाचा पडतात, मुलामा गेला की पावसाळ्यात गंज चढतो, आणि सतत कडक जमिनीवर आपटल्याने त्याचे लॉफ्ट व लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) हळूहळू सरकू शकतात. ओतीव स्टेनलेस पोलाद या बाबतीत जास्त चिवट असते. संच कोणताही असो, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना तो गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नये. पाते आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, जोडणारा इपॉक्सी गोंद त्या उष्णतेत सैल होऊ शकतो आणि रबरी ग्रिप कडक पडू शकतात.

शाफ्टबाबत सावध राहावे. वापरलेल्या ब्लेड संचात बहुधा जड आणि ताठ पोलादी शाफ्ट असतो, आणि पुष्कळदा खेळाडू ज्याचा दोष पात्याला देतो तो शाफ्टचा असतो. स्विंग संथ असेल किंवा कोपर दुखत असेल तर हलका पोलादी किंवा ग्रॅफाइट रेग्युलर (मध्यम लवचीक) शाफ्ट घेतल्याने पाते बदलण्याइतकाच फरक पडू शकतो.

निर्णय घेण्याआधी एक तपासणी घरच्या घरी करता येते. जुन्या सातच्या पात्यावर खडूची पूड चोळावी आणि चेंडू कुठे लागतो त्याच्या खुणा पाहाव्यात. खुणा आडव्या, टाचेपासून टोकापर्यंत पसरलेल्या असतील तर कॅव्हिटी बॅकचा लाभ नक्की होईल. चेंडूआधी जमीनच लागत असेल, तर नवा संच घेण्यापूर्वी एखाद्या जाणत्याकडून चेंडूची जागा आणि अंगाचा भार दुरुस्त करून घ्यावा, कारण आपल्या जमिनीवर तो दोष कोणताही सोल झाकणार नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानात चटईवर मारून संच निवडू नये. चटईवर पाते घसरते, त्यामुळे मागे पडलेला फटकाही तिथे चांगला दिसतो. संपूर्ण संचाची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. त्याऐवजी मनात भरलेल्या संचाची एकच वापरलेली सात नंबरची आयर्न मिळवावी, ती पावसाळ्यात ओल्या आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या अशा दोन्ही जमिनींवर मारावी, आणि दोन्हीकडे ती पटली तरच बाकीच्या काठ्यांकडे वळावे.