मेथोट्रेक्झेट पुरत नाही: आता इंजेक्शन की गोळी?

सकाळी तासभर बोटं आखडलेली, चहाचा कप धरवत नाही, मेथोट्रेक्झेट हे या आजारातलं नेहमीचं पहिलं औषध पूर्ण मात्रेत घेऊनही सांधे सुजलेलेच. रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताच्या, रुग्णापुढे अशा वेळी बरेचदा दोन नावं येतात: अडॅलिमुमॅब हे बायोलॉजिक (जिवंत पेशींत बनवलेलं प्रथिन-औषध) इंजेक्शन आणि टोफासिटिनिब ही गोळी. गोळी बायोलॉजिक नाही, पण गुण त्याच तोडीचा. ‘सुई नको’ एवढ्याच कारणाने गोळी निवडणारे पुष्कळ भेटतात. मला ते कारण अपुरं वाटतं.

इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी, 40 मिलिग्रॅम, घरच्या घरी. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचं, बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाची कातडी चिमटीत धरायची नि टोचायचं. सवय होते. जड जातं ते 2 ते 8 अंशांत सांभाळणं. एकदा गोठलं की ते वापरायचं नाही. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे हा मोठाच प्रश्न आहे. 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, कपाटातही राहते. झायडस कंपनीने 2014 मध्ये भारतात अडॅलिमुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, आणल्यावर इंजेक्शनची किंमत उतरली, तरी जेनेरिक गोळी अजून बरीच स्वस्त पडते.

आपल्याकडे मात्र खरी अडचण टीबीची. शरीर टीबीचे जंतू गाठींमध्ये कोंडून ठेवतं आणि त्यासाठी त्याला टीएनएफ हे प्रथिन लागतं. अडॅलिमुमॅब नेमकं तेच अडवतं, म्हणून वर्षानुवर्षं दबून असलेला टीबी उसळू शकतो. आधी छातीचा एक्स-रे, मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) टीबी चाचणी, शिवाय हिपॅटायटिस बी. सुप्त टीबी निघाला तर त्याचं औषध सुरू करून साधारण महिन्याने इंजेक्शन. गोळीलाही या तपासण्या चुकत नाहीत, वर नागीण होण्याचा धोका जास्त.

पन्नाशी उलटलेली, बीपी, मधुमेह किंवा सिगारेट असेल, तर मी इंजेक्शनच्या बाजूने आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2021 मध्ये टोफासिटिनिबबद्दल हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरचा ठळक इशारा दिला, तो अशाच रुग्णांच्या अभ्यासावरून. मूल हवं असेल तरी गोळी नको. मेथोट्रेक्झेटही आधीच थांबवावं लागतं. अडॅलिमुमॅब डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणात चालतं.

वय कमी, हृदय ठणठणीत, गर्भधारणेचा विचार नाही आणि पैशांची ओढाताण असेल, तर गोळी बिनदिक्कत विचारात घ्या. काहीही निवडलंत तरी साधारण तीन महिने द्या, आणि मधे ताप, खोकला किंवा वजनात घट दिसली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.