डोक्याची बॅटरी: बाभळीत चालते, उसांबरात अडते

आठवडी बाजारात ३००-४०० रुपयांना मिळणारी ही बॅटरी, म्हणजे पुढे सरकत्या भिंगाचा दिवा आणि मागे १८६५० या चार्ज होणाऱ्या लिथियम सेलची डबी, रात्री पाणी द्यायला झकास. बांधावरच्या बाभळी-बोरीत घोयरा, म्हणजे आपला शॅमेलिऑन, हुडकायलाही पुरते. शॅमेलिऑन बघायला टांझानियातल्या उसांबरा डोंगरात जाणाऱ्यांनी मात्र हिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये.

शॅमेलिऑनचे डोळे मांजरासारखे चमकत नाहीत, झोपेत तर ते मिटलेलेच असतात. तो सापडतो अंगावरून. रात्री फांदीच्या टोकाला झोपतो आणि फिकट पडतो. हा फिकेपणा हिरव्यातून वेगळा दिसायला हवा, आणि इथंच ही बॅटरी कमी पडते. हिचा उजेड निळसर. कोरड्या बाभळीत भागतं, पण उसांबराच्या ओल्या जंगलात भिजलेलं पान न् पान पांढरं चमकतं, सरडा त्यात हरवतो. ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे ना निळसर ना पिवळा असा पांढरा उजेड घ्या. खोक्यावर छापलेले हजारो ल्युमेन (उजेडाचं माप) सोडून द्या, खरे ३०० असले तरी बास. लाल दिवा या कामाला बिनकामाचा.

धुक्यात कपाळावरचा उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. तिथं हातातली टॉर्च कमरेजवळ धरावी. आपल्याकडे पावसाळ्यात पाखरं तोंडावर यायला लागली की हीच युक्ती.

नजर कुठं ठेवायची ते जातीवर आहे. ट्रायोसेरॉस डेरेमेन्सिस (नराला तीन शिंगं, मादीला एकही नाही) फांद्यांवर बघा. पश्चिम उसांबरातल्या लुशोटो गावाच्या बाजूला किनयोंगिया मल्टीट्युबर्क्युलाटा भेटतो, नराच्या नाकावर दोन चपटी शिंगं. जुन्या याद्यांत तो फिशेरी म्हणून आहे, २००८ मध्ये वेगळा काढला. रिपेलिऑन ब्रेव्हिकॉडाटस बोटाएवढा, वाळक्या पानासारखा, गुडघ्याखालच्या रोपांवर झोपतो. त्याच्यासाठी पायवाट सोडू नका, पायाखाली येईल. भिंग अर्ध्यावरच ठेवा. पूर्ण ओढलं की चौकोनी कवडसा पडतो आणि कडेचं काहीच दिसत नाही.

बिघाड ठरलेले. मान खाली-वर करून वायर डाख दिलेल्या जागी तुटते, म्हणून तिथं थोडी ढील सोडून चिकटपट्टी गुंडाळा. सरकत्या भिंगातून दमट हवा आत शिरते, काच आतून धुरकटते. रिमझिमीत फिरायचं तर न सरकणाऱ्या भिंगाची टॉर्चच घ्या. सेल उतरत जातो तसा उजेडही हळूहळू मंदावतो आणि ते लक्षात येत नाही, तेवढ्यात दोन-चार सरडे मागे राहून गेलेले असतात. दुसरा सेल खिशात हवाच. विमानात सुटे सेल हातातल्या सामानात, प्लास्टिकच्या डबीत घालून.

सरडा सापडला की झोत बाजूला घ्या. जास्त वेळ धरला तर तो जागा होतो, रंग गडद करतो, कधी फांदी सोडून खाली पडतो.