पार्किन्सनमध्ये चालण्याचा सराव: रोबो की साधी ट्रेडमिल?

रोबोमध्ये मांड्या-पोटऱ्यांना पट्टे बांधून मोटर पाय उचलते आणि वरचा हार्नेस वजन पेलतो. आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर निवड हीच. पण बांधणीतच पंधरा-वीस मिनिटं जातात. मोटरचा सांधा गुडघ्याच्या रेषेत बसला नाही, तर प्रत्येक पावलाला पट्टा सरकतो, कातडी सोलवटते. दुसरी चूक जास्त महागात पडते: मोटरची मदत १०० टक्क्यांवरच ठेवणं. पाय हलतात, पण रुग्ण चालत नसतो! मदत हळूहळू उतरवायलाच हवी.

ट्रेडमिलवर पाऊल स्वतःचं. सुरक्षेचा हार्नेस मात्र हवाच. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टक-टक ठोके देणारं यंत्र) रुग्णाच्या नेहमीच्या लयीपेक्षा साधारण १० टक्के जलद लावा. पावलं आखूड होऊ लागली की लय लगेच कमी करा.

सौम्य ते मध्यम आजारात, सराव तेवढाच असेल तर, रोबो सरस ठरल्याचं ठोस दिसत नाही. अशांसाठी आमचं मत ट्रेडमिलला.

दोन्हीकडे सत्र लेव्होडोपाचा (पार्किन्सनवरच्या औषधाचा) असर असताना घ्या, आधी उभ्याने रक्तदाब मोजा. पार्किन्सनमध्ये पाय अचानक जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात ते वळताना, दारातून जाताना. सरळ फिरत्या पट्ट्यावर तो सराव होत नाही, तो जमिनीवर वेगळा घ्यावा लागतो.