केबल फॉल्ट शोधून देणारी सर्व्हिस, हिंगणा एमआयडीसी

आमच्या युनिटची ११ केव्हीची जमिनीखालची एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल पहिल्याच पावसात गेली, आधीच्या माणसाने नुसत्या अंदाजाने तीन खड्डे खोदून ठेवले, मग यांना बोलावलं. व्हॅन घेऊन आले, आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, मग टीडीआर यंत्राने केबलमध्ये पल्स सोडून, ती परत यायला लागलेल्या वेळेवरून फॉल्टपर्यंतचं अंतर काढलं, अन् नंतर थंपर (केबलमध्ये हाय व्होल्टेजचे झटके देऊन फॉल्टपाशी आवाज काढणारं यंत्र) चालू करून जमिनीवर माईक टेकवत टेकवत चालत गेले, धप् आवाज जिथे सगळ्यात मोठा आला तिथेच खोदलं तर जॉइंटच निघाला, आत पाणी! आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् पावसात फुगते, त्यात जॉइंट ओढला जातो, हे नीट समजावून सांगितलं. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे दुरुस्तीनंतर डीसी हायपॉट (डीसीचं हाय व्होल्टेज देऊन करायची टेस्ट) नाही मारला. जुन्या एक्सएलपीईत डीसीने चार्ज अडकून राहतो अन् लाईन परत चालू केल्यावर केबल जाऊ शकते, म्हणून ०.१ हर्ट्झवर व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या एसीची) टेस्ट केली, सोबत टॅन डेल्टा पण, म्हणजे इन्सुलेशन किती खराब झालंय ते बघायची टेस्ट. रिपोर्ट मात्र आठ दिवस उशिरा आला, तेवढं सुधारा ना. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधीच पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्या) तपासायला यायचं सांगून ठेवलंय.