जुन्या कॅम्परची जाम केबल: मोकळी करायची, नवी टाकायची की पाईपच बदलायचा?

जुनी फोक्सवॅगन कॅम्पर घेतली, हीटरचा लिव्हर जागचा हलत नाही आणि आता कोण म्हणतंय तेल मार, कोण म्हणतंय नवी केबल टाक. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्याआधी नेमकं काय जाम झालंय ते बघा, कारण बऱ्याचदा केबल ठीक असते आणि अडकलेलं असतं दुसरंच काहीतरी.

1967 ते 1979 च्या जर्मन बे विंडो (पुढे एकसंध गोलसर काच असलेल्या) गाड्यांत इंजिन मागे आणि लिव्हर पुढे, त्यामुळे केबल गाडीच्या पोटाखालून पाईपातून मागे जाते आणि तिथे हीट एक्स्चेंजरच्या (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हवा गरम करणाऱ्या डब्याच्या) फ्लॅपच्या, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या झडपेच्या, आर्मला एका छोट्या क्लॅम्पने धरलेली असते. गाडी नीट स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, क्लॅम्प सोडा आणि आर्म हाताने फिरवून बघा. आर्म फिरत नसेल तर फ्लॅपची दांडी गंजलीये, मग केबल कितीही नवी टाका, लिव्हर तेवढाच जड लागणार आणि जोर लावला की नवी केबलसुद्धा वाकणार. आर्म मोकळा फिरतोय आणि तरी लिव्हर हलत नाही, तर मग केबलकडे वळा.

आता मोकळी करण्याचं. खर्च जवळपास काहीच नाही, वेळ मात्र भरपूर जातो. पाईपाच्या टोकाला रबरी बूट, म्हणजे पाणी अडवणारी टोपी असते, ती फाटली की रस्त्यावरचं पाणी आत शिरतं आणि गंज बहुतेकदा त्या टोकापासूनच सुरू होतो, म्हणून पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं पातळ तेल) तिथेच मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मागून पक्कडीत धरून अगदी थोडं थोडं पुढे-मागे करायचं. सगळा जोर एकाच बाजूला लावून ओढू नका, तार मधेच तुटली तर अर्धी पाईपातच राहते आणि मग सोपं काम अवघड होऊन बसतं. अडचण अशी की पाईप जवळपास आडवा असतो, तेल मधल्या भागापर्यंत पोचेलच असं नाही, त्यामुळे गंज फक्त टोकाला असेल तर ही पद्धत मस्त चालते, मधे असेल तर दोन दिवस घालवूनही हाती काही लागत नाही. आणि केबल मोकळी झाली तरी ज्या फाटक्या बुटामुळे हे सगळं झालं तो तसाच ठेवला तर पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच, तेव्हा बूट तरी नवा टाकाच.

नवी केबल टाकायला भाग मागवावा लागतो, पण एकदा बसली की कटकट मिटते. इथे माझा कौल साफ आहे, जुन्या तारेचा एक जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला तर मोकळी करण्याच्या नादी लागू नका, बदला. मागवताना गाडीच्या नोंदणीचं वर्ष बघून मागवू नका, चॅसिस नंबर द्या, कारण फोक्सवॅगनचं मॉडेल इयर ऑगस्टपासून सुरू व्हायचं, शिवाय डाव्या आणि उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांच्या केबलची लांबी वेगळी असू शकते. जुनी बाहेर काढली की नवीशेजारी लांबच लांब ठेवून मापून बघा, मगच आत सरकवा. आणि पाईपातून आधी एखादी पातळ तार आरपार घालून बघा, ती कुठे अडली तर आत गंजाचे पापुद्रे आहेत किंवा पाईप चेपलाय, अशात नवी केबल घालणं म्हणजे तिलाही जाम करणं.

पाईपच गेला असेल तर तिसरा पर्याय, पाईप बदलणं. वेल्डिंग लागू शकतं, पोटाखालचं काम आहे, वेळ आणि पैसे दोन्ही जास्त. मला विचाराल तर जिथे पाईप सडलाय तिथे आजूबाजूचा पत्राही बघून घ्या, तो कितपत शाबूत आहे त्यावर हे काम आत्ता करायचं की बॉडीच्या कामाबरोबर ते ठरवता येतं.

हे सगळं हीटरच्या केबलचं झालं. तीच तुलना क्लच, अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडब्रेकला लावू नका. हीटरची केबल पुन्हा अडकली तर थंडी वाजेल, पण अ‍ॅक्सिलरेटरची अडकली तर पाय काढूनही इंजिनचा वेग कमी होत नाही, त्यामुळे जड झालेली अ‍ॅक्सिलरेटर केबल मी तेल मारून चालवत नाही, बदलतोच. बदलताना पेडल पूर्ण दाबलेलं असताना कार्ब्युरेटरच्या आर्मला शेवटच्या स्टॉपपाशी साधारण 1 मिमी ढील राहील असं बांधा, नाहीतर दर वेळी पायाचा सगळा दाब तारेवर येतो. क्लचला मागच्या टोकाच्या लवचिक नळीला थोडा झोल लागतो, ती सरळ ताणलेली असेल तर गाडी जागची निघताना थरथरते, झोल फार असेल तर पेडल जड होतं आणि केबल लवकर झिजते. हँडब्रेकच्या दोन केबल आहेत, मागच्या चाकांना एकेक, एक अडकली असेल तर दोन्ही बदला, नाहीतर ब्रेक एका चाकावर जास्त धरतो.

अजून एक, तेलाबद्दल. नवी केबल आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनच्या अस्तराची असेल तर बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय तिच्यात ग्रीस भरू नका, त्याला धूळ चिकटते. साधी असेल तर बसवण्याआधी बोटाने पूर्ण लांबीला ग्रीस लावा, बसल्यावर आत पोचवणं कठीण.

आणि वर्षानुवर्षं बंद असलेला हीटर चालू करायच्या आधी हीट एक्स्चेंजर नीट तपासा, हे केबलपेक्षा महत्त्वाचं आहे. त्यातल्या एक्झॉस्टच्या नळीला भोक असेल तर गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. एक्स्चेंजर सडलेला असेल तर केबल जाम आहे तोवर फ्लॅप बंद आहे ना ते बघा आणि नवी केबल एक्स्चेंजर बदलल्यावरच जोडा.