वस्तऱ्याला धार स्वतः लावावी की लावून घ्यावी? अकरा महिन्यांनंतर

अकरा महिन्यांपूर्वी माझ्याकडे तीन वस्तरे होते आणि तिन्हींना धार एका कारागिराकडून लावून घेत होतो. केस कापले जाण्याऐवजी ओढले जायला लागले की वस्तरा पार्सलने पाठवायचा आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. त्याचं काम अव्वल आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पण रोज हातात धरतो ती वस्तू आपल्याला राखता येत नाही, हे मला मनापासून टोचत होतं. म्हणून धार लावायचे दगड घेतले: १००० ग्रिटचा एक (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक), ४०००/८००० चा दुहेरी एक आणि शेवटच्या हातासाठी १२०००.

पैशांचं आधीच सांगतो. या दगडांच्या आणि ते सपाट करायच्या डायमंड प्लेटच्या किमतीत मला चौदा वेळा धार लावून मिळाली असती. वस्तरा एकच असेल आणि चामड्याच्या पट्ट्यावर रोज नीट फिरवला जात असेल, तर वर्षात दोन-तीनदाच दगडाची गरज पडते. म्हणजे पैसे वसूल व्हायला पाच-सहा वर्षं. बचत म्हणून शिकायचं असेल तर शिकू नका.

माझे पहिले दोन महिने १२००० च्या दगडावर गेले. जितका बारीक दगड, तितकी तीक्ष्ण धार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जवळजवळ सगळं १००० वर ठरतं. तिथे पात्याचे धारेलगतचे दोन्ही उतार एका रेषेत येऊन मिळाले नसतील, तर पुढचे दगड फक्त चकाकी आणतात. चकचकीत दिसणाऱ्या वस्तऱ्याने मी आठवडाभर गाल सोलून घेतले, तेव्हा हे कळलं.

कोनाची मात्र धास्ती घेऊ नका. चाकूचा कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याचा कोन त्याची जाड पाठ सांभाळते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवायच्या, बस. माझ्या ६/८ इंची वस्तऱ्याचं पातं १९ मिमी रुंद आणि पाठ ५.४ मिमी जाड आहे, म्हणजे कोन साधारण १६ अंश. पाठीवर इलेक्ट्रिक टेपचा एक थर लावला की तो जवळपास एका अंशाने वाढतो. खरी कसोटी दाबाची आहे. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं आणि धारेजवळ इतकं पातळ असतं, की बोटाने जरा जोर दिला तरी लवतं आणि धार दगडावर वेगळीच बसते.

माझी चूक सापडली ती साध्या मार्कर पेनने. दोन्ही उतार काळे केले, दगडावर हलके दोन हात मारले आणि भिंगाखाली धरलं. मधली शाई साफ गेलेली, पण टाचेकडे, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाला, अर्धा सेंटिमीटर काळा पट्टा तसाच. पात्याच्या मुळाशी जो जाड भाग असतो, तो दगडाच्या कडेवर चढत होता आणि टाच उचलली जात होती. वस्तरा किंचित तिरका धरून तो जाड भाग दगडाबाहेर ठेवला, तर पाचव्या हाताला टाचेची शाईही गेली. त्या दिवसापासून दगडावरचं पाणी बघायची सवय लागली. उतार दगडाला पूर्ण टेकला की धारेपुढचं पाणी पातळ लाटेसारखं पात्यावर चढतं, टाचेपासून टोकापर्यंत एकसारखं. जिथे लाट तुटते, तिथे काम बाकी आहे. मग मनगटावरचे केस. १००० नंतर पात्याच्या प्रत्येक भागाने ते सहज उडाले पाहिजेत. एकही जागा अडत असेल तर ४००० ला हात लावू नये.

दगड सपाट आहे की नाही, तेही बघावं लागतं. पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि प्लेटवर त्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं.

या काळात एक निर्णय फार उपयोगी पडला. कारागिराने धार लावलेला एक वस्तरा मी राखून ठेवला आणि रविवारी त्यानेच दाढी करत राहिलो. चांगली धार चेहऱ्यावर कशी लागते हेच माहीत नसेल, तर आपली कुठे कमी पडते ते कळणार कसं? पाचव्या महिन्यात गालावर दोन्ही सारखे वाटू लागले, पण वरच्या ओठावर माझा वस्तरा अजून अडखळत होता. दोष दगडाचा नव्हता. पट्टा सैल धरल्यामुळे मी दगडावर कमावलेली धार चामड्यावर गोल करत होतो. पट्टा ताणला आणि उलटताना वस्तरा पाठीवरच वळवायला लागलो, तेव्हा ते अडखळणं थांबलं.

तरीही रोजच्या दाढीने धार उतरतेच. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, मग धार जाते कशी, याचं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दिलं. केस पात्याला तिरका भिडला आणि पोलादाची घडण त्या जागी असमान असली, तर धारेचा बारीक टवका उडतो. त्यांचं काम वापरून फेकायच्या पात्यांवर होतं, पण भिंगाखाली माझ्या वस्तऱ्याच्या धारेवर तशाच खाचा दिसतात. म्हणून आता ओढ जाणवली की त्याच दिवशी १२००० वर पंधरा-वीस हात मारतो. दहा मिनिटांत काम होतं, आणि या दहा मिनिटांसाठी मी शिकलो याचा मला खरंच आनंद आहे.

चौथा वस्तरा मात्र माझ्या हाताबाहेरचा निघाला. जुना, सुंदर, ‘दाढीला तयार’ सांगून विकलेला, पण पातं पिळलेलं. रुंद दगडावर त्याची एक बाजू कधी पूर्ण टेकतच नाही. तीन रविवार मी हट्टाने घासत राहिलो आणि पाठीची एक कड चपटी करून बसलो. तिथलं गेलेलं पोलाद परत येणार नाही, याचं वाईट वाटतं. शेवटी तो कारागिराकडे पाठवला. त्याने अरुंद दगडावर, पातं हळूहळू कलवत, प्रत्येक भागाला वेगळा स्पर्श देत धार आणली. टाच, मध्य, टोक, तिन्हीकडे शाई एकसारखी गेली पाहिजे, हे त्याने करून दाखवलं आणि टेप का लावली तेही समजावून सांगितलं. पिळलेली, धार आत वळलेली किंवा टवके उडालेली पाती मी स्वतः करणार नाही, आणि नवशिक्याने तर पहिल्या वर्षी अजिबात हात लावू नये.

बाकीचे तीन आता माझ्याच दगडांवर आहेत. चौथ्याने कालपासून हनुवटीखाली ओढायला सुरुवात केली आहे, कारागिराकडे पाठवायला त्याचं पार्सल बांधून ठेवलंय.